एकोणीस पटाश्या आणि एक टाकी

प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, हे वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत मला ठाऊक नव्हते. आणि ठाऊक नसल्यामुळे माझे काही अडलेही नव्हते. ज्या कवितांवर मी पोसलो, त्यांत वायुरूप असे जे काही असते ते वरच जाते. धूर वर जातो, सुस्कारा वर जातो, मेलेल्यांचे आत्मे तर कुणी न सांगता वर जातात. पायऱ्या उतरून खोलीत शिरणारा, जमिनीलगत सरपटत कोपरा गाठणारा आणि तिथे एखाद्या ठिणगीची वाट पाहत निमूट बसून राहणारा वायूही सृष्टीत आहे, हे मला ज्या हिवाळ्याने शिकवले, त्याला आता आठ वर्षे झाली. त्या हिवाळ्यात माझी जी शोभा झाली ती आमच्या गल्लीत अजून सांगितली जाते. सांगणारे ती चुकीची सांगतात, म्हणून हा खुलासा.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी बाबांनी चहाचा कप बाजूला सारला आणि तेलाच्या डागांनी काळी पडलेली कापडाची वळकटी टेबलावर उलगडली. आत त्यांच्या एकोणीस पटाश्या होत्या. सगळ्यांत रुंद पटाशी तळहाताएवढी, सगळ्यांत बारीक आगकाडीएवढी. मुठी इतक्या गुळगुळीत झालेल्या, की त्यांत बाबांच्या बोटांच्या जागा दिसत.

"शेवटच्या शनिवारी तंत्रशाळेचे मास्तर येतील," बाबा म्हणाले. "त्यांना देऊन टाकायच्या."

"सगळ्या?"

"अर्ध्या ठेवून काय लोणचं घालू? हात गेले माझे."

दूध नासले, असे सांगावे तशा आवाजात त्यांनी हे सांगितले आणि ते खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. त्या खुर्चीत ते गेला महिनाभर बसत होते. तिथून मागचे अंगण आणि अंगणापलीकडची त्यांची कामाची खोली दिसे. खोलीला कुलूप होते. कुलपाकडे पाहत बसलेला माणूस ही प्रतिमा कवितेत फार चांगली दिसते. घरात, रोज, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, ती सहन होत नाही.

बाबा पॅटर्नमेकर होते. आता हा व्यवसाय समजावून सांगावा लागतो. लोखंडाची किंवा पितळेची एखादी वस्तू ओतायची, तर आधी कुणीतरी ती लाकडात करावी लागते. ते लाकूड वाळूत दाबून काढले, की मागे हुबेहूब पोकळी उरते आणि त्या पोकळीत तापलेला रस ओततात. बाबांनी चाळीस वर्षे ओतकामाच्या कारखान्यात पंप, चाके, झडपा, गटारांची झाकणे अशा जगातल्या वजनदार वस्तू आधी हलक्या लाकडात घडवल्या. त्यांनी केलेली गोष्ट कुणीच पाहिली नाही. तिने सोडलेल्या पोकळीत भरलेली गोष्ट मात्र सगळ्या शहराने वापरली. मी हे एकदा त्यांना बोलून दाखवले होते. "तू जेव," ते म्हणाले होते.

त्या दिवशी स्वयंपाकघरात बायको म्हणाली, "त्यांचे हात कुठेही गेलेले नाहीत. गारठतात. ती खोली म्हणजे बर्फाची पेटी आहे. गरम करा ती, म्हणजे जातील कामाला."

'खोली गरम करा.' तीन शब्द. मी पाणीपुरवठा खात्यात परिपत्रकांची मुद्रिते तपासतो; तीन शब्दांचे वाक्य अमलात आणायला किती कागद लागतात याची कल्पना निदान मला तरी असायला हवी होती.

विजेचा हीटर आधी लावून पाहिला. आमच्या घरातल्या वायरी माझ्याहून वयाने मोठ्या आहेत. हीटर लावताच आमचा फ्यूज उडाला आणि पाठोपाठ, काय संबंध होता देव जाणे, शेजारच्यांचाही. तेव्हा गॅसच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एक सुटसुटीत हीटर आणि माझ्या कमरेएवढी प्रोपेनची टाकी दाखवली. "टाकी घरात ठेवू नका," असे तो म्हणाला खरा. पण 'पुन्हा या' म्हणावे त्याच सुरात म्हणाला, आणि कामाची खोली म्हणजे घर नव्हे असा अर्थ मी लावला. अर्थ लावणे ही माझी जुनी खोड आहे.

बाबा दुपारचे पडले असताना मी टाकी अंगणातून गडगडत नेली, दोन पायऱ्या उतरवल्या (त्या खोलीत पूर्वी कोळसा साठवत, त्यामुळे तिची जमीन अंगणापेक्षा खाली आहे) आणि बाबांच्या टेबलाशेजारी उभी केली. छान दिसत होती. कोपऱ्यात गप्प उभ्या असलेल्या थोरल्या आत्यासारखी.

"काय आणलंस रे?"

आवाज भिंतीवरून आला. आमचे शेजारी बॉयलरकाका. त्यांनी एकतीस वर्षे एका इस्पितळाच्या धुलाईघरातला बॉयलर सांभाळला, आणि त्यातून सेवानिवृत्त झाल्यावर सगळे जग सांभाळायला घेतले. त्यांच्या मते प्रत्येक वस्तूत दाब असतो. काहींचा दिसतो, काहींचा दिसत नाही, एवढाच फरक.

"हीटर आणलाय, काका."

"तो नाही. त्याच्या शेजारी उभी आहे ती."

"टाकी. प्रोपेनची."

"आत?"

"आत."

काका भिंतीमागे नाहीसे झाले. क्षणभर वाटले, विषय संपला. मग ते आमच्या फाटकातून पाण्याची भरलेली बादली घेऊन आले.

"तुला जायचंय तर तू जा. म्हाताऱ्यानं आणि सूनबाईनं तुझं काय घोडं मारलंय? हे बघ. गळला, तर तो असा जातो." आणि त्यांनी ती बादली पायऱ्यांवर ओतली.

पाणी पायऱ्या उतरले, जमिनीवर पसरले, टेबलाखाली गेले, कोपरा गाठून थांबले. दृष्टान्त निर्दोष होता. फक्त त्याच कोपऱ्यात बाबांनी चार वर्षे वाळत ठेवलेल्या सागाच्या फळ्या उभ्या होत्या.

घराची खिडकी उघडली. "पाणी कोणी सांडलं?" बाबांचा आवाज.

"काही नाही, बाबा! काका वायू दाखवत होते!"

खिडकी मिटली. बाबांनी पुढे काहीच विचारले नाही, याचेच मला जास्त वाईट वाटले. महिन्याभरापूर्वी त्या फळ्यांना नुसता ओला हात लागला असता तर ते चप्पल न घालता धावत आले असते.

टाकी अंगणात आली. आता बॉयलरकाकांनी बातमी दिली की एवढ्या मोठ्या टाकीला परवानगी लागते, आणि ती ज्वालाग्राही पदार्थ कक्षात मिळते. त्या कक्षातल्या खिडकीमागचे गृहस्थ माझ्यासारखेच चष्मा कपाळावर ठेवणारे होते, म्हणून मला आशा वाटली.

"वापर घरगुती की औद्योगिक?"

"वडिलांची कामाची खोली आहे. घरामागे."

"तिथं राहता?"

"नाही."

"माल तयार होतो?"

"गेला महिनाभर नाही."

"मग घरगुती नाही, औद्योगिक नाही. असं कसं चालेल? काहीतरी असायला पाहिजे ना माणसानं." त्यांनी कोरा कागद पुढे केला. "हेतू लिहा सविस्तर."

सविस्तर लिहा, असे मला सरकारी खिडकीतून त्यापूर्वी कुणी सांगितले नव्हते. मी भारावलो. 'वृद्ध पित्याच्या बोटांत थिजून राहिलेले कौशल्य पुन्हा वितळावे, या एकमेव हेतूने सदर उष्णतेची आवश्यकता आहे,' असे मी लिहिले. आजही ते वाक्य मला वाईट वाटत नाही.

गृहस्थांनी ते दोनदा वाचले. "काय वितळवणार आहात?"

"कौशल्य."

"काहीही वितळवायचं असेल तर भट्टीचा अर्ज भरावा लागतो. ती खिडकी वरच्या मजल्यावर."

"अहो, ती उपमा आहे."

"ती असू द्या. टाकी खरी आहे ना?"

या प्रश्नाला वाङ्मयीन उत्तर नाही. मी कागद परत घेतला, वाक्य खोडले आणि लिहिले, 'थंडी वाजते.' अर्जावर तत्काळ शिक्का बसला. माझ्या आयुष्यात माझी एवढी कठोर आणि एवढी अचूक समीक्षा दुसऱ्या कुणी केलेली नाही.

चार दिवसांनी तपासनीस बाई आल्या. लहानखुऱ्या, हातात विजेरी, काखेत वही. त्यांनी खोलीत उतरून चारी भिंती पाहिल्या, जमिनीकडे पाहिले, मग माझ्या नव्या हीटरकडे.

"हा परत करा."

"का? नवा आहे."

"याचा धूर खोलीतच राहतो. उघड्या जागेसाठी आहे हा."

"पण गॅस सुटला तर वास येतोच ना, बाई?"

"प्रोपेनला वास घातलेला असतो, तो येतो. खोली बंद असली, हवा कमी पडली, की गॅस अर्धवट जळतो. त्यातून जो वायू होतो त्याला वास नसतो. डोकं जड होतं. झोप येते." त्यांनी विजेरी विझवली. "म्हाताऱ्या माणसाला दुपारी झोप आली तर घरातले काय म्हणतात? झोपू दे म्हणतात."

मी हीटर घेऊन ती खोली घट्ट बंद करणार होतो. खिडकीच्या फटींत बोळे कोंबायलाही घेतले होते. मी माझ्या हाताने, प्रेमाने, दार लोटून घेतले असते आणि बायकोला म्हणालो असतो, 'हळू बोल, डोळा लागलाय त्यांचा.' त्या दिवसापर्यंत मी ज्याला प्रकल्प म्हणत होतो, त्याचे नाव तिथे त्या दोन पायऱ्यांवर बदलले.

बाईंनी वहीतून कागद फाडून दिला. टाकी बाहेर, सपाट चौथऱ्यावर, उभी, साखळीने बांधलेली. दारापासून आणि गटारापासून लांब. भोवती हवा खेळेल असा जाळीचा पिंजरा, त्याला कुलूप. हीटर असा हवा की ज्याचा धूर नळीने भिंतीबाहेर जाईल. भिंतीला दोन भोके, एक मागच्या उताराच्या बाजूला जमिनीलगत, एक छताजवळ, दोन्हींना जाळ्या. शिवाय त्या बिनवासाच्या वायूची सूचना देणारी घंटा.

"भोकांतून थंडी येईल की," मी म्हणालो.

"येईल. शुक्रवारी येते तपासायला. झालं नसेल तर पुढची तारीख महिन्याभरानं."

शुक्रवार म्हणजे मास्तरांच्या शनिवारच्या आदला दिवस. खोली गरम करायची म्हणून मी तिला भोके पाडत होतो, आणि हे सगळे गुपचूप करत होतो, कारण बाबांना शेवटच्या दिवशी गरम खोलीचे दार उघडून दाखवायचे अशी माझी कल्पना होती. गुपचूप म्हणजे गवंडी, वेल्डर, दुकानदार आणि भिंतीवर हनुवटी टेकवून देखरेख करणारे बॉयलरकाका यांच्यासह गुपचूप. बाबा खिडकीतून हे सर्व पाहत होते आणि विचारत काहीच नव्हते.

मापे मात्र मीच घेणार, असा हट्ट मी धरला. खिडकीवरच्या त्या गृहस्थांनी दुखावलेला एक कोपरा मनात होता. पॅटर्नमेकरच्या मुलाला निदान दोन खांबांमधले अंतर मोजता आले पाहिजे. बाबांच्या खोलीत दाराजवळच्या खिळ्यावर एक पोलादी पट्टी टांगलेली होती. बाजारातल्या लोंबत्या टेपपेक्षा कितीतरी खानदानी. मी ती उतरवली, पिंजऱ्यासाठी अंगणात उभारलेल्या विटांच्या दोन खांबांमधले अंतर मोजले, भिंतीतली भोके मोजली, आकडे सुवाच्य अक्षरांत कागदावर लिहून वेल्डरला दिले. पिंजऱ्याचे दार एकशे वीस सेंटीमीटर. जाळ्या तीस बाय तीस. खाली सही केली. सहीची गरज नव्हती.

गुरुवारी दुपारी वेल्डर सगळा माल घेऊन आला. पहिली जाळी भोकात बसवली आणि ती सरळ आरपार जाऊन पलीकडच्या बाजूला पडली. दुसरीने थोडा विचार केला आणि मग तीही गेली. पिंजऱ्याचे दार बिजागरीवर चढवले तर कडी कोयंड्यापर्यंत पोहोचेना. मध्ये अंगठा जाईल एवढी फट.

"लहान केलंस तू," मी म्हणालो.

"साहेब, तुमच्या चिठ्ठीप्रमाणं केलंय. एकशे वीस. हा टेप लावतो, बघा." टेपने दार एकशे वीस भरले.

मी माझी पट्टी लावली. एकशे अठरा आणि वर थोडे.

"ही कारखान्याची पट्टी आहे," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "पोलादी. तुझ्या टेपसारखी ताणली जात नाही."

"म्हणजे मी लबाड?"

"मी तसं म्हटलं नाही. टेप लबाड असू शकतो."

"बावीस वर्षं याच टेपवर पोट भरतोय मी. आता दार पण लबाड आहे म्हणा!"

बॉयलरकाका दुसरा टेप घेऊन आले. तो वेल्डरच्या बाजूने निघाला. समोरच्या घरातल्या शिवणकाम करणाऱ्या वहिनींनी खिडकीतून गळ्यातला टेप सोडला, तोही वेल्डरच्या बाजूने. पाहता पाहता फाटकाशी सात-आठ माणसे जमली. एकाने हेही सुचवले की थंडीने लोखंड आकसते, तेव्हा दार उन्हाळ्यात आपोआप बसेल. ज्याच्या विरुद्ध तीन टेप उभे आहेत असा मी एकटा, हातात पट्टी घेऊन, सत्यासाठी उभा होतो. इतरांच्या चुका काढून ज्याचे घर चालते, त्याने स्वतःची चूक मान्य करावी ही अपेक्षाच मुळात अमानुष आहे.

खिडकी उघडली.

"पट्टी कुठली घेतलीस?"

"तुमचीच, बाबा. खिळ्यावरची."

"कोणत्या खिळ्यावरची?"

"दाराजवळच्या."

खिडकी मिटली. मला वाटले, रागावले. मग मागचे दार वाजले आणि बाबा अंगणात आले. स्वेटर उलटा घातलेला, गळपट्टा कसाबसा गुंडाळलेला. त्यांनी माझ्या हातातून पट्टी घेतली. टोकाशी अंगठा फिरवून पुसले आणि ते टोक माझ्या डोळ्यांसमोर धरले. तिथे बारीक अक्षरांत कोरले होते: पितळ.

"ओतलेलं पितळ निवताना आकसतं," बाबा म्हणाले. मला नव्हे, सगळ्या जमावाला. "शंभराला दीड. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा असतो. दर वेळी हिशेब कोण करत बसणार? म्हणून पट्टीच मोठी करतात. हिच्यावरचा सेंटीमीटर हा खऱ्याहून मोठा असतो." ते माझ्याकडे वळले. "दार काय पितळेचं ओतणार होतास?"

आणि ते हसले. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग डोळे पुसत. वेल्डर हसला, वहिनी हसल्या, काका तर भिंत धरून हसले. मी भर चौकात असा हास्यास्पद याआधी कधी झालो नव्हतो, आणि सांगायला संकोच वाटतो, पण इतका सुखीही नाही. बाबा हसले नव्हते त्याला महिना उलटून गेला होता.

"हे सगळं कशासाठी चाललंय?" हसू ओसरल्यावर त्यांनी विचारले. त्यांना ठाऊक नव्हते, असे नाही.

"खोली गरम करायला. उद्या तपासणी आहे."

त्यांनी भिंतीतली भोके पाहिली. आरपार पडलेली जाळी उचलून पाहिली. "ही अशी दाखवणार होतास? माझ्या खोलीच्या भिंतीत?" मग वेल्डरला म्हणाले, "तुम्ही दाराला पट्टी जोडा दोन सेंटीमीटरची. वरचं घासून टाका. जाळ्यांना चौकटी मी करतो."

"बाबा, खोली अजून गार आहे. हीटर उद्या..."

"सूनबाई, पातेलंभर गरम पाणी आण."

त्या दुपारी बाबा हिवाळाभर बंद असलेल्या, आता दोन भोके पाडल्याने आणखीच गारठलेल्या खोलीत उभे राहिले. दर दहा मिनिटांनी हात गरम पाण्यात बुडवायचे, पुसायचे, पटाशी धरायची. पटाशी दोनदा घसरली. तिसऱ्यांदा त्यांनी ती डाव्या हातात घेऊन उजव्याची बोटे एकेक करून मुठीवर बसवली, जणू दुसऱ्याच कुणाचा हात असावा. मी पाहतोय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "उजेडातून बाजूला हो."

बायको तिसरे पातेले घेऊन जाताना माझ्याजवळ थांबली. "पातेलंभर पाणी. एवढंच लागत होतं. सांगायचं नाही मला आधी?"

"तूच म्हणालीस, खोली गरम करा."

"मी म्हणाले म्हणून तुम्ही कधी काही केलंय?"

उजेड सरेपर्यंत दोन्ही चौकटी बसल्या. अशा बसल्या, की त्यांना जागी ढकलताना आतली हवा हलकेच हुंकारली.

शुक्रवारी बाई आल्या. नवा हीटर भिंतीवर, धुराची नळी भिंतीबाहेर, टाकी पिंजऱ्यात. त्यांनी साबणाचे पाणी आणि कुंचला माझ्या हातात दिला. "सांध्यांवर लावा. गळत असेल तर फुगे येतील. काडी पेटवून बघायचं नाही, हे सांगायला नको ना?"

नको होते. पण सांगितले ते बरे केले.

टाकीच्या तोंडाशी एक फुगा आला. चिमुकला, सप्तरंगी, अतिशय देखणा. "घट्ट करा," बाई म्हणाल्या. मी पाना लावून उजवीकडे आवळले. फुगा सुपारीएवढा झाला. आणखी जोर लावला. तो लिंबाएवढा झाला, आणि सडक्या कांद्यासारखा वास नाकात शिरला.

"उलटा! अरे, उलटा फिरव!" भिंतीवरून काका ओरडले, आणि त्यांचे डोके भिंतीखाली गेले.

बाईंनी शांतपणे टाकीची चावी बंद केली. वास विरेपर्यंत आम्ही सगळे लांब उभे राहिलो. "याचे आटे डावे असतात," त्या म्हणाल्या. "मुद्दाम केलेत. माणसानं हात लावण्याआधी जरा थांबावं म्हणून."

मी डावीकडे आवळले. चावी उघडली, पुन्हा पाणी लावले. फुगा आला नाही.

खोलीत उतरल्यावर बाई जमिनीलगतच्या जाळीपाशी उकिडव्या बसल्या. चौकटीच्या कोपऱ्यावरून बोट फिरवले. जोड सापडेना, म्हणून पुन्हा फिरवले. "हे कोणी केलं?"

"मी," बाबा म्हणाले.

"नियमात एवढं नीट लागत नाही."

"मला लागतं."

बाईंनी सही केली. जाताना बाबांना म्हणाल्या, "ही भोकं कधी बुजवायची नाहीत. कितीही थंडी वाजली तरी."

"माझ्या चौकटीत बोळा कोंबायची कुणाची छाती आहे?" बाबा म्हणाले. मी दुसरीकडे पाहिले.

शनिवारी तंत्रशाळेचे मास्तर आले. सज्जन माणूस. एकोणीस पटाश्या मावतील अशी लांबट लाकडी पेटी त्यांनी मुद्दाम करून आणली होती. मी त्यांना मागे खोलीत नेले. खोली गरम होती. फार नाही, गळपट्टा काढून ठेवण्याइतकी. बाबा टेबलाशी सागाच्या फळीचा भिजलेला काठ कापून टाकत होते. बाबा शब्द दिला की मोडत नसत, आणि हा शब्द त्यांनी मोडावा म्हणून मी महिनाभर स्वतःचे हसे करून घेतले होते.

"या, मास्तर," बाबा म्हणाले. वळकटी टेबलावर उघडीच होती. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला आणि सगळ्यांत रुंद पटाशी उचलली. तळहातावर तोलली. मनगट जरा खाली गेले. "ही न्या. ही आता मला झेपत नाही."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या झेपतात. ज्यांची पाळी येईल त्या देईन. सगळ्या देईन म्हणालो होतो, देणार आहेच. आजच्या आज म्हणालो होतो का?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. मग ती एक पटाशी त्या एकोणिसांच्या पेटीत ठेवली आणि निघाले. पेटीत ती एकटी पटाशी गल्लीच्या टोकापर्यंत खडखडत गेली. बाबा तो आवाज ऐकत उभे राहिले, आणि आवाज थांबल्यावर कामाला लागले.

त्यानंतर दर हिवाळ्यात मास्तर आले, आणि दर हिवाळ्यात बाबांनी त्यांना एकच पटाशी दिली, ती कशी धरायची हे तासभर सांगून. आधी रुंद गेल्या, मग गोल तोंडाच्या. ती वळकटी म्हणजे त्यांच्या हातांचा ताळेबंद होता, असे मी एकदा लिहून ठेवले आणि मग खोडले. हात आखडत होते, एवढेच. पण जे उरले होते त्यात ते काम करत होते. त्या सात हिवाळ्यांत त्यांनी एका बंद पडलेल्या कारंज्याच्या झडपेचा पॅटर्न केला, शेजारच्या काकांसाठी त्यांच्या जुन्या बॉयलरची वीतभर लाकडी प्रतिकृती केली (काकांनी ती दाबमापकासह मागितली होती; मिळाली), आणि शेवटच्या वर्षी नुसतेच लाकडाचे गुळगुळीत तुकडे केले, कशाचेही नसलेले, हातात धरायला बरे वाटणारे.

यंदाच्या हिवाळ्यात मास्तर आले तेव्हा बाबा नव्हते. मास्तर पेटी घेऊन दारातच घुटमळले. "नंतर येऊ का?" म्हणाले. मी त्यांना खोलीत नेले, हीटर लावला, चहा दिला. मग उरलेल्या अकरा पटाश्या बाबा बांधत तशा तेलाच्या कापडात बांधून पेटीत ठेवल्या. मला त्यांच्याविषयी सांगण्यासारखे काही नव्हते. बारीक पटाशी कशी धरतात हे मी कधी विचारलेच नाही. मास्तर म्हणाले, "मला त्यांनी सांगितलंय." तेही गेले. या वेळी गल्लीत आवाज आला नाही.

ऊन उतरत आले होते. मी बाहेर जाऊन पिंजऱ्याचे कुलूप काढले आणि टाकीची चावी बंद केली. बाईंनी घालून दिलेला क्रम असा आहे, की आधी टाकी बंद करायची, हीटर तसाच राहू द्यायचा. मग नळीत अडकलेला वायू जळून जातो आणि मागे काही उरत नाही. मी खोलीत परत आलो. हीटरच्या काचेमागे ज्योत होती. टाकीकडून आता तिला काहीच येत नव्हते, पण ती जळत होती. मी बाबांच्या स्टुलावर बसलो.

"गॅस बंद केलास का रे?" भिंतीवरून बॉयलरकाकांचा आवाज आला. त्यांचाही आवाज अलीकडे बारीक झालाय.

"केला, काका."

"टाकीचा आधी?"

"टाकीचा आधी."

"मग आत उजेड कसला दिसतोय?"

"नळीतला आहे. संपतोय."

काकांनी हनुवटी भिंतीवर टेकवली.

"बरं," मग ते म्हणाले. "संपू दे. बस तू."